कर्नलमधला स्टॅक ट्रेस: आधी पकडायचा कसा, मग छापायचा कसा

कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, नव्यानं काम सुरू केलेल्या माणसाची स्टॅक ट्रेसशी (कोणत्या फंक्शननं कोणाला बोलावलं त्या साखळीच्या यादीशी) गाठ बहुतेक वेळा नको त्या वेळी पडते. मशीन मध्येच अडतं, काळ्या स्क्रीनवर वीस-पंचवीस ओळी येऊन पडतात, त्यात ओळखीचं नाव एखादंच असतं आणि बाकी सगळे आकडे. मग त्यातली एक ओळ उचलायची, सर्चमध्ये टाकायची आणि कोणाचं तरी जुनं उत्तर सापडतंय का बघायचं, असा सगळ्यांचा रिवाज. त्यापेक्षा एक संध्याकाळ घालवून ट्रेस काढणारा कोड स्वतःच्या हातानं लिहिलेला बरा. पुढे समोर येणाऱ्या प्रत्येक ट्रेसमधलं काय खरं धरायचं आणि काय सोडून द्यायचं, हे त्यातून आपोआप कळू लागतं.

आधी एक्सव्ही६ मध्ये तो कोड लिहू, मग लिनक्सकडे वळू. दोन्हीकडे एकच भान ठेवायचं: ट्रेस पकडणं आणि ट्रेस छापणं ही दोन निराळी कामं आहेत. पकडताना फक्त पत्ते गोळा करायचे असतात, तेही झटपट आणि शक्य तितक्या कमी गोष्टींवर भरवसा ठेवून. छापताना त्या पत्त्यांना फंक्शनची नावं आणि ओळींचे नंबर लावायचे असतात. ते सावकाश झालं तरी चालतं, आणि कित्येकदा ते दुसऱ्याच मशीनवर केलेलं चांगलं.

एक खुलासा. फंक्शन, फाइल आणि कमांड यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना मूळ स्पेलिंगच वापरायचं. अंडरस्कोर जिथे दिसेल तिथे तो खरोखरच आहे.

तयारी

एक्सव्ही६ ही एमआयटीनं शिकवण्यासाठी लिहिलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम. सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सच्या धर्तीवर ती बेतलेली आहे. सुरुवातीला ती एक्स८६ प्रोसेसरवर चालायची, २०१९ पासून एमआयटीच्या वर्गात तिची रिस्क-फाइव्ह या दुसऱ्या प्रोसेसर-रचनेवरची आवृत्ती वापरतात. आपण तीच घेऊ. उबंटूवर गिट, मेक, क्यूएमू (दुसऱ्या प्रोसेसरचं मशीन सोंग घेऊन चालवणारा एम्युलेटर) आणि रिस्क-फाइव्हसाठीचा जीसीसी क्रॉस-कंपायलर एवढं टाकलं की पुरे. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएलमध्ये हेच करावं. कोड क्लोन करून 'मेक क्यूएमू' चालवा. शेलचा डॉलर दिसला म्हणजे गाडी रुळावर आहे. बाहेर पडायला कंट्रोल-ए दाबून सोडायचं आणि मग एक्स.

एकदा मेकफाइल उघडून बघा. कंपायलरच्या फ्लॅगमध्ये 'एफ-नो-ओमिट-फ्रेम-पॉइंटर' सापडेल. आपलं पुढचं सगळं काम या एका फ्लॅगवर उभं आहे.

स्टॅकवर नेमकं काय ठेवलेलं असतं

रिस्क-फाइव्हवर स्टॅक वरच्या पत्त्यांकडून खालच्या पत्त्यांकडे वाढतो. फंक्शन सुरू झालं की ते स्टॅकवर स्वतःपुरती जागा घेतं, तिला फ्रेम म्हणतात. त्या फ्रेमच्या वरच्या टोकाचा पत्ता एस० या रजिस्टरमध्ये राहतो. हाच फ्रेम पॉइंटर. त्याच्या ८ बाइट खाली रिटर्न अ‍ॅड्रेस, म्हणजे काम संपल्यावर कुठे परतायचं तो पत्ता. १६ बाइट खाली कॉल करणाऱ्या फंक्शनचा फ्रेम पॉइंटर. वंशावळीत प्रत्येक नावापुढे बापाचं नाव असावं तसं हे आहे: एक फ्रेम हाती लागली की मागच्या सगळ्या पिढ्या काढता येतात.

म्हणजे कोड असा होतो:

फ्रेम = आर_एफपी()
माथा = पीजीराउंडअप(फ्रेम)
जोवर फ्रेम < माथा:
    (फ्रेम − ८) वरचा पत्ता छापा
    फ्रेम = (फ्रेम − १६) वरची किंमत

पीजीराउंडअप पत्त्याला वरच्या पेज-सीमेपर्यंत नेतं. आर_एफपी हे फंक्शन तयार मिळत नाही, ते रिस्क-फाइव्ह.एच या हेडरमध्ये आपण घालायचं. एस० मधली किंमत एका व्हेरिएबलमध्ये उतरवून घेणारी असेंब्लीची एक ओळ, बस. मात्र ते 'स्टॅटिक इनलाइन' हवं. साधं फंक्शन केलंत तर त्याची स्वतःची फ्रेम तयार होईल, तिचाच पॉइंटर परत येईल आणि तो परत येईपर्यंत ती फ्रेम मोडलेली असेल. लूप लिहायचा प्रिंटएफ.सी मध्ये, फंक्शनला नाव द्यायचं बॅकट्रेस, आणि त्याचं डिक्लरेशन टाकायचं डेफ्स.एच मध्ये.

थांबायचं कुठे, हा खरा प्रश्न

नवशिके लूप बरोबर लिहितात आणि थांबण्याच्या अटीवर घसरतात. सवयीनं 'फ्रेम शून्य होईपर्यंत' असं लिहिलं जातं. एक्सव्ही६ मध्ये तसं केलंत तर ट्रेस छापता छापताच कर्नल पॅनिक होतो (पुढे चालणं अशक्य म्हणून सगळं थांबवतो), आणि का होतो हे एकदा नीट समजून घेण्यासारखं आहे.

यूजर प्रोग्रॅमनं सिस्टिम कॉल केला की आधी ट्रॅम्पोलिनमधला, म्हणजे यूजरमधून कर्नलमध्ये आणणारा, असेंब्ली कोड चालतो. तो यूजरची सगळी रजिस्टर्स ट्रॅपफ्रेम या राखीव जागेत साठवतो, स्टॅक पॉइंटर या प्रोसेसच्या कर्नल स्टॅकच्या माथ्यावर नेतो आणि यूजरट्रॅप या सी फंक्शनात उडी मारतो. या सगळ्यात एस० ला कोणी हात लावत नाही. त्यामुळे यूजरट्रॅप नेहमीच्या शिरस्त्यानं 'मागचा फ्रेम पॉइंटर' म्हणून जे साठवतो, ती यूजर प्रोग्रॅमच्या एस० मधली किंमत असते. तो पत्ता यूजरच्या पेज टेबलातला (पत्ता खऱ्या मेमरीत कुठे पडतो ते सांगणाऱ्या तक्त्यातला). कर्नलच्या पेज टेबलात त्या जागी काहीच नाही. लूपनं तो खरा मानून वाचायचा प्रयत्न केला की पेज फॉल्ट, आणि कर्नलमधला पेज फॉल्ट एक्सव्ही६ मध्ये थेट पॅनिककडे जातो.

सुटका सोपी आहे. एक्सव्ही६ मध्ये प्रत्येक प्रोसेसचा कर्नल स्टॅक बरोबर एका पेजचा, म्हणजे ४०९६ बाइटचा असतो आणि पेजच्या सीमेवरच सुरू होतो. यूजरट्रॅप ही या स्टॅकवरची सर्वांत जुनी फ्रेम, तिचा पॉइंटर थेट पेजच्या माथ्याला टेकलेला. म्हणून 'फ्रेम माथ्यापेक्षा लहान आहे तोवर' ही अट नेमक्या जागी थांबते. खालच्या टोकाचीही तपासणी घातलीत तर आणखी बरं. स्टॅकवर कोणी चुकून लिहून ठेवलं असेल तर फ्रेम पॉइंटर कुठेही भरकटलेला असू शकतो.

या युक्तीला एक मर्यादा आहे. पुढे कोणती प्रोसेस चालवायची ते ठरवणारा शेड्युलर कोणत्याही प्रोसेसच्या स्टॅकवर चालत नाही. तो प्रत्येक सीपीयूच्या बूट स्टॅकवर चालतो, आणि स्टार्ट.सी मधला तो स्टॅक०  नावाचा अ‍ॅरे फक्त १६ बाइटला अलाइन केलेला आहे, पेजला नाही. तिथे पीजीराउंडअपनं आलेला माथा चुकीचा असू शकतो. शेड्युलरमधून ट्रेस हवा असेल तर सीमा निराळ्या काढाव्या लागतात.

चालवून बघा

सिसप्रॉक.सी मधल्या सिस_गेटपीआयडी मध्ये बॅकट्रेसचा कॉल टाका. गेटपीआयडी बोलावणारा दोन ओळींचा यूजर प्रोग्रॅम लिहा, मेकफाइलच्या यूप्रोग्स यादीत त्याचं नाव घाला आणि चालवा. तीन पत्ते यायला हवेत. तिन्ही सोळा-आधारी, सुरुवातीला आठ आणि पुढे शून्यांची रांग, कारण एक्सव्ही६ चा कर्नल मेमरीत तिथूनच सुरू होतो. आता दुसऱ्या टर्मिनलमध्ये अ‍ॅडर२लाइन ही कमांड 'वजा-ई कर्नल/कर्नल' देऊन चालवायची आणि ते पत्ते तिच्यात पेस्ट करायचे. बदल्यात फाइल आणि ओळ मिळते: पहिला पत्ता सिसप्रॉक.सी मधला, दुसरा सिसकॉल.सी मधला, तिसरा ट्रॅप.सी मधला. क्यूएमूच्या आत फक्त आकडे छापले गेले, नावं बाहेर लागली. कर्नलला स्वतःच्या फंक्शनचं एकही नाव ठाऊक असायची गरज पडली नाही.

ओळ कधी कधी एकनं पुढची दाखवली जाते. गोंधळू नका. स्टॅकवर असतो तो परतायचा पत्ता, म्हणजे कॉलच्या पुढच्या सूचनेचा. पत्त्यातून १ वजा करून विचारलंत तर कॉलचीच ओळ मिळेल.

हा एकचा फरक कुठे नडतो ते पॅनिकमध्ये दिसतं. बॅकट्रेस पॅनिकमधूनही बोलवावा, खरा उपयोग तिथेच. पण पॅनिक हे कधीच न परतणारं फंक्शन आहे आणि डेफ्स.एच मध्ये कंपायलरला तसं सांगितलेलं आहे. त्यामुळे पॅनिकचा कॉल एखाद्या फंक्शनची अगदी शेवटची सूचना असू शकतो. मग 'परतायचा पत्ता' शेजारच्या, काडीचाही संबंध नसलेल्या फंक्शनच्या पहिल्या बाइटवर जाऊन पडतो आणि अ‍ॅडर२लाइन बिनदिक्कत त्या शेजाऱ्याचं नाव सांगते. १ वजा करण्याची सवय आत्ताच लावून घ्या.

पॅनिकमध्ये आणखी एक मेख आहे. बॅकट्रेसचा कॉल 'पॅनिक्ड बरोबर एक' या ओळीच्या आधी टाकायचा. ते व्हेरिएबल एक झालं की यूएआर्टवर (सिरियल पोर्टच्या चिपवर) अक्षर पाठवणारा कोड अनंत लूपमध्ये जाऊन बसतो, जेणेकरून बाकीच्या सीपीयूंचा मजकूर मध्ये घुसू नये. कॉल नंतर टाकलात तर तुमचाच ट्रेस त्या लूपमध्ये अडकेल आणि स्क्रीन कोरी राहील.

ट्रेसमधून गायब होणारं फंक्शन

कर्नलचा कोड चालू असताना इंटरप्ट आला तर कर्नलव्हेक हा असेंब्ली कोड रजिस्टर्स स्टॅकवर ठेवतो आणि कर्नलट्रॅपला बोलावतो. इथेही एस० जसंच्या तसं राहतं, त्यामुळे साखळी तुटत नाही. पण नीट बघा: कर्नलट्रॅपचा रिटर्न अ‍ॅड्रेस कर्नलव्हेककडे बोट दाखवतो, आणि पुढची फ्रेम थेट अडवल्या गेलेल्या फंक्शनची येते. त्या फ्रेममध्ये असतो तो त्याला बोलावणाऱ्याचा पत्ता. अडवलेलं फंक्शन स्वतः कुठेच छापलं जात नाही! ते जिथे अडवलं गेलं तो पत्ता एसईपीसी या रजिस्टरमध्ये असतो. म्हणून एक्सव्ही६ चा कर्नलट्रॅप पॅनिकच्या आधी एसईपीसी वेगळा छापतो, आणि लिनक्सही आरआयपीची (एक्स८६-६४ वर चालू सूचनेचा पत्ता ठेवणाऱ्या रजिस्टरची) ओळ कॉल ट्रेसच्या वर स्वतंत्र देतो. बग बहुतेकदा त्याच ओळीत असतो, आणि घाईत वाचणारे नेमके तीच ओलांडून खाली जातात.

त्यात ते फंक्शन 'पान' असेल, म्हणजे पुढे कोणालाच कॉल न करणारं, तर जीसीसीच्या अनेक आवृत्त्या त्यात रिटर्न अ‍ॅड्रेस साठवतच नाहीत आणि उणे ८ वर जुना फ्रेम पॉइंटर ठेवतात. मग आपला साधा लूप फसतो. कंपायलरनं इनलाइन केलेली फंक्शन्स तर स्टॅकवर कधी आलेलीच नसतात. त्यांची नावं अ‍ॅडर२लाइनला 'वजा-आय' दिल्यावर दिसतात.

पकडून ठेवायचं, छापायचं नाही

एक्सव्ही६ च्या जुन्या एक्स८६ आवृत्तीत एक फार सुंदर गोष्ट होती. प्रत्येक स्पिनलॉकच्या (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाच्या) स्ट्रक्चरमध्ये पीसीएस नावाचा दहा खान्यांचा अ‍ॅरे असायचा. लॉक घेतला की गेटकॉलरपीसीएस हे फंक्शन फ्रेम पॉइंटर धरून मागे जायचं आणि दहापर्यंत रिटर्न अ‍ॅड्रेस त्यात भरून ठेवायचं. छापायचं काहीच नाही. पुढे कधी डेडलॉक झालाच (एकमेकांच्या लॉकची वाट बघत सगळे अडकले) तर डीबगरमधून बघता यायचं की हा लॉक नेमका कोणत्या वाटेनं घेतला गेला. रिस्क-फाइव्ह आवृत्तीत हे काढून टाकलंय. माझ्या मते शिकणाऱ्यांचं त्यात नुकसान झालं. सरावासाठी तुम्ही ते परत घालून बघा.

छापणं टाळायचं कारण साध्या हिशेबात आहे. सिरियल कन्सोल १,१५,२०० बॉडवर असेल तर सेकंदाला साधारण ११,५०० अक्षरं जातात. दीड हजार अक्षरांच्या ट्रेसला सेकंदाचा आठवा हिस्सा लागतो. इंटरप्ट बंद असताना एवढा वेळ म्हणजे युगं. आणि टायमिंगचा बग असेल तर तो छापण्याच्या ओझ्यानंच पळून जातो.

आता लिनक्स

व्हर्च्युअल मशीनमध्ये एक छोटं मॉड्यूल करा. त्याच्या इनिट फंक्शनातून 'पहिलं', त्यातून 'दुसरं', आणि त्यात डम्प_स्टॅक(). दोन्ही फंक्शनना 'नोइनलाइन' लावा, नाहीतर कंपायलर सगळं एकात गुंडाळेल आणि ट्रेसमध्ये एकच नाव उरेल. इन्समॉडनं ते कर्नलमध्ये चढवा आणि डीमेसेजमध्ये कर्नलचा लॉग बघा. सीपीयू, पीआयडी, कर्नलची आवृत्ती, हार्डवेअरचं नाव, आणि मग कॉल ट्रेस: वर डम्प_स्टॅक_एलव्हीएल, खाली तुमची दोन फंक्शन्स, मग डू_वन_इनिटकॉल, डू_इनिट_मॉड्यूल आणि तळाशी सिस्टिम कॉलची दारं. ताजी घटना वर, जुनी खाली. प्रसंग क्रमानं समजून घ्यायचा तर खालून वर वाचा.

एक ओळ अशी दिसते:

डू_सिस_ओपनॅट२+०एक्स९७/०एक्सई०

अधिकच्या पुढचा आकडा म्हणजे फंक्शनच्या सुरुवातीपासूनचं अंतर, तिरक्या रेघेनंतरचा म्हणजे फंक्शनची एकूण लांबी. दोन्ही सोळा-आधारी, म्हणजे २२४ बाइटच्या फंक्शनात १५१ बाइट आत. तुमच्या मॉड्यूलमधल्या ओळींपुढे चौकटी कंसात मॉड्यूलचं नावही येईल. अंतर लक्षात घ्यायचं, कारण केएएसएलआर या सुरक्षेच्या सोयीमुळे दर बूटला कर्नल वेगळ्या पत्त्यावर बसतो आणि कच्चे पत्ते दुसऱ्या दिवशी निरर्थक होतात.

काही ओळींच्या आधी प्रश्नचिन्ह असतं. त्याचा अर्थ: स्टॅकवर हा पत्ता सापडला, पण साखळीत तो खरोखर आहे असं अनवाइंडरला (साखळी मागे उलगडणाऱ्या कोडला) सिद्ध करता आलं नाही. मागच्या एखाद्या कॉलचा तो राहून गेलेला उष्टा पत्ता असू शकतो. पहिल्या वाचनात अशा ओळी सोडून द्या; बाकी गोष्ट जुळत नसेल तरच त्यांच्याकडे परत या. टास्क, आयआरक्यू, एनएमआय अशा खुणा दिसतील त्या कोणता स्टॅक चालू होता ते सांगतात. एक्स८६-६४ वर प्रत्येक टास्कचा कर्नल स्टॅक १६ केबीचा असतो आणि इंटरप्टसाठी दर सीपीयूला वेगळा.

लिनक्स साखळी कशी धरतो? एआरएम६४ वर आपल्यासारखाच, फ्रेम पॉइंटरनं. एक्स८६-६४ वर मात्र २०१७ मध्ये ४.१४ आवृत्तीत ओआरसी नावाचा अनवाइंडर आला. प्रत्येक फंक्शनात फ्रेम पॉइंटर सांभाळण्याचा खर्च काही कामांत पाच ते दहा टक्क्यांपर्यंत जात होता. ओआरसीमध्ये ऑब्जटूल हे साधन बिल्डच्या वेळीच 'या सूचनेवर असताना मागची फ्रेम कुठे' याचा तक्ता करून ठेवतं. बदल्यात दोन ते चार एमबी मेमरी जाते. चालू कोड वेगवान राहतो आणि इंटरप्टच्या पलीकडचा ट्रेसही भरवशाचा मिळतो.

छापायचं नसून जवळ ठेवायचं असेल तर स्टॅक_ट्रेस_सेव्ह. त्याला अनसाइन्ड लाँगचा अ‍ॅरे, त्याची लांबी आणि वरच्या किती फ्रेम गाळायच्या तो आकडा द्यायचा. किती पत्ते भरले ते परत मिळतं. नंतर सवडीनं स्टॅक_ट्रेस_प्रिंट. ही रचना ५.२ पासूनची, त्यामुळे जुन्या लेखांतला स्ट्रक्ट स्टॅक_ट्रेस वापरणारा कोड उतरवू नका. मॉड्यूलचं लायसन्स जीपीएल नसेल तर ही फंक्शन्स मिळणार नाहीत. सोळा खाने बहुधा पुरतात. हजारो ट्रेस साठवायचे असतील तर स्टॅक डेपो आहे: सारखा ट्रेस एकदाच ठेवला जातो आणि तुमच्या हाती ३२ बिटांची पावती येते. केएसॅन या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाच्या अहवालात 'ही मेमरी कोणी घेतली, कोणी सोडली' हे दोन्ही ट्रेस छापले जातात ते याच्याच जोरावर.

कायमच्या कोडमध्ये मात्र डम्प_स्टॅक विखरून ठेवू नका. 'हे कधीच घडायला नको' अशा जागी वॉर्न_ऑन_वन्स लावा. ते एकदाच ट्रेस देतं आणि गप्प बसतं. सतत चालणाऱ्या वाटेवरचा साधा वॉर्न_ऑन लॉग भरून टाकतो.

कोड न बदलता

रोजच्या कामात बहुतेकदा याचीच गरज लागते. एखादी प्रोसेस अडकली असेल तर रूट होऊन प्रॉकमधल्या तिच्या पीआयडीच्या फोल्डरातली 'स्टॅक' फाइल वाचा. सगळं मशीनच संथ असेल तर प्रॉकमधल्या सिसआरक्यू-ट्रिगर फाइलमध्ये 'डब्ल्यू' हे अक्षर लिहा, डी अवस्थेत (सिग्नलनंही न उठणाऱ्या झोपेत) अडकलेल्या टास्कचे ट्रेस डीमेसेजमध्ये येतात. 'एल' लिहिलं तर चालू असलेल्या सर्व सीपीयूंचे. एखाद्या फंक्शनपर्यंत कोण पोचतंय हे हवं असेल तर बीपीएफट्रेस या साधनात त्यावर केप्रोब (चालू कर्नलच्या फंक्शनवरचा पहारा) लावून केस्टॅक, म्हणजे कर्नलचा ट्रेस, छापायला सांगा. एका ओळीचं काम, रीबूट नाही.

नावांवरून ओळींपर्यंत जायला कर्नलच्या सोर्समध्ये स्क्रिप्ट्स फोल्डरात दोन साधनं आहेत. एका ओळीसाठी एफअ‍ॅडर२लाइन, अख्ख्या ट्रेससाठी डीकोड_स्टॅकट्रेस.एसएच. दोन्हींना डीबग माहितीसकट बनलेली व्हीएमलिनक्स (न आवळलेल्या कर्नलची) फाइल लागते, आणि ती त्याच बिल्डची हवी. जवळपासच्या बिल्डची फाइल चालवून घेतलीत तर उत्तर येईल, दिसायला अगदी व्यवस्थित, आणि चुकीचं.

कोणाला ट्रेस पाठवायचा असेल तर स्क्रीनशॉट नको, मजकूर पाठवा. वॉर्निंगच्या सुरुवातीला 'इथे कापा' अशा अर्थाची इंग्रजी रेघ कर्नल स्वतःच छापतो. लोक ती शब्दशः पाळतात आणि तिच्या वरच्या ओळी टाकून देतात. ड्रायव्हरनं रडगाणं सुरू केलेलं असतं ते बऱ्याचदा तिथेच. म्हणून रेघेच्या वरच्याही पन्नासेक ओळी घ्या. 'टेंटेड'ची अक्षरं (कर्नलमध्ये बाहेरचं मॉड्यूल वगैरे काही आलं होतं का ते सांगणारी), आरआयपी आणि 'कोड'ची ओळ गाळू नका, आणि प्रश्नचिन्हवाल्या ओळी आपल्या मनानं पुसू नका.